करवतीचा वारसा आणि न फेडलेले कर्ज

"तुमच्या आजोबांवर अन्याय झाला असेल, पण तो आमच्या आजोबांनी केला. आम्ही काय केले? त्याची शिक्षा आम्हाला का?"

मित्रांनो, हा प्रश्न तुम्हाला कॉलेजमध्ये, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कितीदा विचारला गेला असेल याचा हिशोब नाही. आम्हालाही तो विचारला जातो. आम्ही म्हणजे आयटीआय करून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला लागलेले आंबेडकरी कार्यकर्ते. कुणी टर्नर, कुणी फिटर, कुणी मोटार रिवायंडिंगवाला. शिफ्ट सुटल्यावर अभ्यासवर्ग चालवणारे. हा प्रश्न विचारणारा दर वेळी दुष्ट असतोच असे नाही. अनेकदा तो आपल्याच लाइनवर काम करणारा, आपल्याच डब्यातली भाजी खाणारा असतो. त्याला खरोखरच वाटते की जन्माआधी घडलेल्या गोष्टीशी आपला संबंध नाही. म्हणून या प्रश्नाला घोषणेने उत्तर देऊन भागत नाही.

आम्ही उत्तर शोधले ते एका यंत्राच्या इतिहासात. पावसाळ्याच्या तोंडावर शहरात झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, तेव्हा कामगारांच्या हातात नारिंगी-पांढरी चेन-सॉ, म्हणजे साखळी-करवत दिसते. आमच्यातला एक जण असली यंत्रे दुरुस्त करतो. त्यातल्या अनेकांवर एकच नाव असते, श्टील. आपल्याकडे ते सर्रास 'स्टील' असे वाचतात, पण पोलादाशी त्याचा संबंध नाही. ते एका घराण्याचे आडनाव आहे. जर्मनीतील ही कंपनी आजही त्याच घराण्याच्या मालकीची आहे आणि तिचा भारतातील कारभार पुण्यातून चालतो. आपल्याकडे आडनावावरून माणसाची जात ओळखतात आणि मग त्याला कुठले काम द्यायचे ते ठरवतात. तिकडे एका आडनावाची साखळी-करवत जगभर विकली जाते. या आडनावाने काय काय वारशाने दिले, ते पाहू.

अँड्रियास श्टील १८९६ मध्ये झुरिकला जन्मला. यंत्र-अभियांत्रिकी शिकून त्याने १९२६ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात स्वतःचा छोटा धंदा सुरू केला. आधी बॉयलरसाठीची उपकरणे, कपडे धुण्याची यंत्रे असे मिळेल ते तो बनवायचा. त्या काळी झाड पाडणे आणि ओंडके कापणे हे हाताच्या करवतीचे, कंबर मोडणारे काम होते. त्याने विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. ती चाळीस किलोंहून जड होती आणि धरायला दोन माणसे लागत. पण जंगलात वीज कुठून आणणार? १९२९ साली पेट्रोलवर चालणारे यंत्र आले. तिसाव्या दशकात ही यंत्रे सोव्हिएत रशियापासून अमेरिकेपर्यंत जाऊ लागली. १९५० मध्ये एकट्या माणसाला चालवता येईल अशी पेट्रोल करवत आली. १९५९ मध्ये 'कॉन्ट्रा' नावाचे मॉडेल आले, वजन साधारण बारा किलो आणि ताकद सहा अश्वशक्ती. या मॉडेलने जगभरातल्या जंगलांत काम करण्याची पद्धत बदलली.

हातात यंत्र धरणाऱ्याला यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटेल. हादरणारे यंत्र रोज तासन्‌तास धरले की बोटांतला रक्तप्रवाह बिघडतो, बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. लाकूडतोड्यांमध्ये हा आजार पसरला, तेव्हा युरोपात त्याची चर्चा झाली. साठच्या दशकात करवतीच्या मुठीला हादरे शोषणारी रचना आली. पुढे करवत उसळली तर साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक आला. कामगाराच्या बोटांची किंमत धरली गेली, म्हणून यंत्र बदलले. आपल्याकडे हाताने मैला उचलायची बंदी १९९३ च्या कायद्यात आली, संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरवायची बंदी २०१३ च्या कायद्यात आली, २०१४ आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. तरी माणसे उतरतात आणि मरतात. मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाला मॅनहोल साफ करणारे यंत्र जमत नाही असे कुणी म्हणू शकेल का? केरळच्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ मध्ये तसे यंत्र करून दाखवले. ते गावोगाव पोचले नाही, कारण गटारात उतरणाऱ्या माणसाची जात ठरलेली आहे आणि त्याच्या श्वासाची किंमत शून्य धरलेली आहे.

आता या घराण्याच्या इतिहासाचे दुसरे पान. कंपन्यांच्या वर्धापनदिनी संस्थापकाचा फोटो लावतात, पहिले यंत्र काचेत ठेवतात. पण त्या फोटोतला अँड्रियास श्टील नाझी पक्षाचा सदस्य होता, एसएस या हिटलरच्या कुप्रसिद्ध संघटनेचाही सदस्य होता. युद्धात जर्मन सैन्याला करवती लागत आणि त्या त्याच्या कारखान्यातून जात. युद्ध हरल्यावर दोस्त राष्ट्रांनी त्याला स्थानबद्ध केले. काही काळाने तो सुटला, कारखान्यात परतला आणि १९७३ साली मरेपर्यंत त्याचे नाव जगभर यशस्वी उद्योजक म्हणूनच घेतले गेले. युद्धानंतरच्या चौकशीत लाखो जर्मनांना 'मागोमाग चालणारा' असा शेरा देऊन मोकळे केले गेले. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडेही पाणवठ्यावर काठी घेऊन उभे राहणारे मोजकेच असतात. मागोमाग चालणाऱ्यांचे मात्र अख्खे गाव असते.

हे एका कारखान्यापुरते नव्हते. हिटलरच्या राजवटीत सुमारे १ कोटी ३० लाख परकीय माणसांना, युद्धकैद्यांना आणि छळछावण्यांतल्या कैद्यांना जर्मनीत सक्तीने राबवले गेले. शेते, खाणी, दारूगोळ्याचे कारखाने, मोटारींचे कारखाने, सगळीकडे. जर्मन उद्योगाच्या पायात हा घाम आणि हे रक्त आहे. युद्धानंतर इमारती बांधल्या गेल्या, यंत्रे सुरू झाली, मुलांनी बापांच्या खुर्च्या घेतल्या. या माणसांचे काय, हा प्रश्न मात्र पुढची पन्नास वर्षे फाईलबंद राहिला.

श्टील घराण्यात मुलगा हान्स पेटर आणि मुलगी एफा यांनी १९६० नंतर कारभारात भाग घेतला आणि बापामागे कंपनी वाढवली. दोघांना थोर करायचे आम्हाला कारण नाही. १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या धातू-कामगारांनी आठवड्याला ३५ तास कामाची मागणी घेऊन कित्येक आठवडे संप केला, तेव्हा श्टुटगार्टच्या भागात मालकांच्या बाजूने वाटाघाटी करणारा माणूस हाच हान्स पेटर श्टील होता. तडजोड साडेअडतीस तासांवर झाली. ३५ तास मिळायला १९९५ उजाडले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, याच कंपनीने कामगारांना नफ्यात वाटा देणारी योजना आणली. मालक मालकाच्या हितानेच वागतो. हे सांगायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. १९३८ साली मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न धसास लावला आणि १९४६ साली फॅक्टरी कायद्यात आठवड्याचे ४८ तास आले. ३५ तासांसाठी भांडणारा जर्मन कामगार आणि आठ तासांसाठी कायदा करणारे बाबासाहेब एकाच लढाईत होते. फरक इतकाच की जर्मन कामगाराला शेजारच्या यंत्रावरच्या कामगाराचा विटाळ होत नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सक्तीने राबवलेल्या वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांनी अमेरिकेतल्या न्यायालयांत जर्मन कंपन्यांवर दावे लावले. जगभरात बोभाटा झाला, बाजारपेठ हातची जाण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा २००० साली जर्मन संसदेने कायदा करून एक प्रतिष्ठान उभारले. त्याचे नाव 'स्मृती, जबाबदारी आणि भविष्य'. निधी १००० कोटी मार्कांचा. निम्मा सरकारने दिला, निम्मा उद्योगांनी. सुमारे ६५०० कंपन्यांनी पैसे भरले. त्यांत युद्धानंतर स्थापन झालेल्या कंपन्याही होत्या, ज्यांच्या कारखान्यात एकही सक्तीचा मजूर कधी राबला नव्हता. या वादाच्या काळात जर्मन उद्योग-व्यापार चेंबरच्या शिखर संघटनेचा अध्यक्ष हान्स पेटर श्टील होता आणि सभासद कंपन्यांनी पैसे भरावेत असे आवाहन करणाऱ्यांत ही संघटना होती. एसएसच्या सदस्याचा मुलगा उद्योगपतींना सांगतो की पैसे भरा. २००७ पर्यंत जवळपास १०० देशांतल्या १६ लाखांहून अधिक माणसांना रक्कम मिळाली.

इथे "माझ्या बापाने केले असेल, मी काय केले?" हा प्रश्न जर्मनीतही विचारला गेला होता. त्याचे उत्तर साधे आहे. बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला होत नाही. पण बापाची इस्टेट घेतली तर इस्टेटीवरचे कर्जही घ्यावे लागते. घर हवे, कारखाना हवा, नावलौकिक हवा आणि त्यावरचा बोजा मात्र नको, असा वारसा जगात कुठल्याच कायद्यात नसतो. तुरुंग वारशाने मिळत नाही. देणे मात्र मिळते.

आणि मित्रांनो, हे आमचे विदेशी तत्त्वज्ञान आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला त्याचेच धर्मशास्त्र दाखवा. बापाचे कर्ज मुलाने, आजोबाचे कर्ज नातवाने फेडावे, हे त्यांच्या स्मृतींनीच सांगितले आहे. इंग्रजांच्या काळापासून न्यायालये हे हिंदू मुलाचे 'पवित्र कर्तव्य' मानून वसुली करून देत होती. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे केवळ या कर्तव्याच्या आधारावर वसुली करणे बंद झाले. म्हणजे सावकाराचे कर्ज तीन पिढ्या फेडणे हा धर्म. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले त्यांचे देणे निघाले की मात्र "आम्ही काय केले?" हा कुठला हिशोब?

आपल्याकडे वारशाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली मालमत्ता. शूद्राने धन साठवू नये असे मनुस्मृतीत लिहून ठेवले आणि महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी त्या ग्रंथाचे दहन झाल्यावरही ती व्यवस्था माणसांच्या वागण्यात राहिली. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास आला होता. देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत सुमारे ९३ टक्के माणसे उच्च जातींची निघाली. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. आम्ही ज्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, तिथे मालकाचा मुलगा डिग्री घेऊन थेट केबिनमध्ये बसला. कानस कशी धरतात हे त्याला ठाऊक नव्हते. आमच्यातले दोघे तिथे बारा वर्षे लेथवर होते आणि सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा त्यांना आडनाव विचारले गेले. याला गुणवत्ता म्हणतात!

दुसरी गोष्ट कौशल्याची. यंत्र कुणाच्या हातात द्यायचे हेही जातच ठरवत आली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे धोट्यातला धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा सवर्ण कामगार कसा लावणार? म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेशच नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला. आमच्यापैकी एकाचे आजोबा आयुष्यभर सूत कातायच्या खात्यात राबले. मागावर हात ठेवायची परवानगी त्यांना कधीच मिळाली नाही. जातीव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे आम्हाला या धोट्याच्या गोष्टीतून नीट समजले. श्टीलसारख्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यंत्रे सुधारली. आमच्या घराण्यांना यंत्राला हात लावू दिला नाही आणि मग विचारले, तुमच्यात उद्योजक का होत नाहीत?

तिसरी गोष्ट वतनाची. आमच्या पूर्वजांनाही वारसा होता बरं का! महार वतन. गावची वेठबिगार, सांगावे पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, रात्रंदिवस हाकेला हजर राहणे आणि बदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुते. तिकडे बापाने मुलाला कारखाना दिला, इकडे बापाने मुलाला गुलामी दिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. आपल्याच माणसांना त्यांनी सांगितले की असला वारसा सोडा. जगात किती पुढाऱ्यांनी आपल्या समाजाला वारसा सोडायला सांगितले असेल?

आता कुणी म्हणेल, मग आरक्षण हेच ते देणे झाले, ते तर मिळते आहे. हा गोंधळ आपल्या तरुणांच्या डोक्यातही असतो, म्हणून ठामपणे सांगतो. आरक्षण ही नुकसानभरपाई नाही. ते प्रतिनिधित्व आहे, राज्यकारभारातला आपला वाटा आहे. ते कुणाच्या पश्चात्तापावर अवलंबून नाही. जुने देणे वेगळेच आहे आणि त्याची एक पैही अजून कुणी मान्य केलेली नाही. खासगी क्षेत्र तर प्रतिनिधित्वालाही तयार नाही. जमीन सरकारची, वीज-पाणी सवलतीचे, कर्ज सरकारी बँकांचे, पण नोकऱ्यांची गोष्ट निघाली की धंदा एकदम खासगी होतो.

"आमचे आजोबा तर गरीब होते" असेही काही मित्र म्हणतात. खरे असेल. त्यांच्या गरिबीचे आम्हाला दुःखच आहे. पण गरीब असूनही त्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत होते, शाळेत आत बसता येत होते, गिरणीत मागावर उभे राहता येत होते. युद्धानंतर निघालेल्या जर्मन कंपन्यांनी पैसे का भरले? कारण ज्या रस्त्यांवर, ज्या वीजकेंद्रांवर, ज्या बाजारावर त्या उभ्या राहिल्या, ते सगळे आधीच्या व्यवस्थेतून आले होते. गुन्हा कुणाचा हा एक प्रश्न झाला. फायदा कुणाकडे साठला हा दुसरा. देणे दुसऱ्या प्रश्नावरून ठरते.

जर्मनीची आरती ओवाळायची नाही. ही रक्कम पंचावन्न वर्षांनी मिळाली, तोवर बहुतेक माणसे मरून गेली होती. छळछावणीत राबलेल्याला जास्तीत जास्त १५ हजार मार्क, बाकी बहुतेकांना त्याहून कितीतरी कमी. तेही कुणाला उपरती झाली म्हणून मिळाले नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी कोर्टात खेचले म्हणून मिळाले. त्यांच्याजवळ काय होते? मजूर-कार्ड, विम्याच्या नोंदी, छावणीच्या याद्या. कागद होते म्हणून दावे टिकले.

इथेच आपल्याला काम आहे. श्टीलसारख्या घराण्यांचा इतिहास लिहायला पगारी माणसे असतात. आपल्या घराण्यांचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागेल. घरातली गिरणीची पगारपत्रके, युनियनची पावती, रेल्वेचा पास, वतनाच्या सनदेची नक्कल, सातबाऱ्याचे जुने उतारे, नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीची पाने जपून ठेवा, फोटो काढा, वर्षे लिहा. आजी-आजोबांना विचारा की कुठल्या खात्यात होता, कुठल्या खात्यात घेतले नाही, का घेतले नाही. ज्या कंपनीत काम करता तिची जमीन आधी कुणाची होती ते विचारा. तिच्या संचालकांची यादी वाचा. अभ्यासवर्गात या कागदांवर एक तास ठेवा. उद्या खासगी क्षेत्रातल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न ऐरणीवर येईल, तेव्हा आपल्या हातात हे कागद असले पाहिजेत.

आणि पुढच्या वेळी डबा खाताना कुणी विचारले की "आम्ही काय केले?", तर चिडू नका. त्याला शांतपणे विचारा, "भाऊ, आजोबांनी तुला काय काय दिले त्याची यादी कर. घर, जमीन, आडनाव, ओळखी, आत्मविश्वास. सगळे लिही. मग त्या यादीच्या खाली रेघ मार आणि सांग, यातले आमचे किती?"

जय भीम! जय संविधान!